तीनबार युवराज

युवराज लामतुरेला काचीगुड्यापासून कोटीपर्यंतचे सगळे लग्नवाले 'तीनबार युवराज' म्हणत. कारण त्याच्या व्हिडिओत नवरा मंगळसूत्र तीनदा बांधायचा. एकदा साधं, एकदा सावकाश, आणि तिसऱ्यांदा गुलाबाच्या फुलाच्या आतून. मंगळसूत्र एकदाच बांधतात हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्याचं म्हणणं असं, की बांधताना बघतं कोण? भटजी ओरडत असतात, अक्षता उडत असतात, नवरीची आई पदर डोळ्याला लावून बसलेली असते. "तीन बार दाखवलं की मग कुठं माणसाच्या डोक्यात शिरतंय, ताई," तो मला म्हणाला होता. आम्ही हसायचो त्याला. सगळेच हसायचे.

हा माणूस आयुष्यात एकदाच लग्न सोडून दुसरं काही दाखवायला गेला आणि तोंडघशी पडला. त्याला पाडणाऱ्यांत पोलीस होते, वकील होते, त्याची स्वतःची सवय होती, आणि मी होते. माझा नंबर शेवटचा, पण मी होते. बाकीच्यांबद्दल बोलायला मला जीभ आहे, म्हणून स्वतःबद्दल आधीच सांगून टाकते.

युवराज माझ्या वडिलांचा विद्यार्थी. अण्णा जामबागेतल्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवत होते आणि युवराज त्यांच्या वर्गात दोन वर्षं सलग नापास झाला. त्याचे वडील नामदेवराव उदगीरकडची जमीन भावांच्या हवाली करून शहरात आलेले, वीज खात्यात मीटर वाचायचे. मुलाचं नाव त्यांनी युवराज ठेवलं. राज्य मिळालं ते बरकतपुऱ्याच्या गल्लीतल्या एका खोलीचं, बाहेर पाटी: 'लामतुरे व्हिडिओ'. एक्याण्णव साली दुबईहून परतलेल्या शेजाऱ्याकडून त्यानं कॅमेरा घेतला. खांद्यावर ठेवायचा, घडवंचीएवढा. तेव्हा देश खुला होतोय असं रोज पेपरात येत होतं. आमच्याकडे तो खुला झाला तो असा, की घरोघर रंगीत टीव्ही आला आणि ज्याचा व्हिडिओ नाही ते लग्न झालंच नाही असं लोक समजू लागले. युवराजचं बरं चाललं.

त्याच्या धंद्याची एक रीत होती, ती सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कॅमेऱ्यातून निघते ती कच्ची कॅसेट. हलणारी चित्रं, मधेच कुणाची पाठ, मधेच नुसतं छत. ती नारायणगुड्यातल्या मिक्सिंगवाल्याकडे न्यायची, नको ते कापायचं, गाणी घालायची, नावं घालायची, मंगळसूत्र तीनदा करायचं. मग तयार होते ती पक्की. पक्की गिऱ्हाइकाला द्यायची आणि कच्ची खणात टाकायची, पुढच्या लग्नाला त्याच कॅसेटवर परत शूटिंग. शहरातले सगळे व्हिडिओवाले असंच करत. कच्चीला कुणी जपत नसे. सगळी किंमत पक्कीला.

त्याचं सामान वाहायचा सायलू. सायकलरिक्षावाला, तेलुगु माणूस, काडीसारखा, पण दिव्यांचे ते लोखंडी स्टँड, पेटी, कॅमेरा आणि वर युवराज, असं सगळं ओढत तो मलकपेठेपर्यंत जायचा. बरकतपुऱ्यामागच्या नाल्याच्या कडेला तीस-पस्तीस झोपड्या होत्या, त्यात एक त्याची. बायको गेलेली, एकच मुलगी, बालमणी. तिचं लग्न ठरलं तेव्हा युवराज म्हणाला, "सायलू, तुझ्या पोरीचा व्हिडिओ माझ्याकडून. हळदीपासून सगळा." वस्तीतलं ते पहिलं व्हिडिओवालं लग्न होणार होतं. सायलूनं म्हणे महिनाभर आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पंच्याण्णवचा फेब्रुवारी. नाल्याकडेच्या त्या जागेवर शॉपिंग कॉम्प्लेक्स व्हायचं होतं. कोर्टाची मनाई आहे असं वस्तीवाले म्हणत, मनाई उठली असं बिल्डर म्हणे. हळदीच्या दिवशी युवराज सकाळी सातलाच वस्तीत गेला. तीन तासांची, सात नंबरची कॅसेट कॅमेऱ्यात घातली. त्याच्या कॅसेटींवर लाल शाईनं असे आकडे टाकलेले असत. बायका जात्यावर हळद दळत होत्या, ते त्यानं घेतलं. बालमणीला पाटावर बसवून हळद लावली, ते घेतलं. पोरींनी सायलूच्या कोऱ्या बनियनवर हळदीचे पंजे उमटवले, तेही घेतलं. दोन तास असे गेले. मग बुलडोझर आला आणि मागून पोलीस.

"मी बंद करणारच होतो, ताई," त्यानं नंतर आम्हाला सांगितलं. "पण बोट बटणावर जाईचना."

सायलू हात जोडून इन्स्पेक्टरपुढं गेला. उद्या सकाळी लग्न आहे, एक दिवस थांबा, एवढंच. इन्स्पेक्टरची काठी त्याच्या खांद्यावर पडली. एकदाच. सायलू खाली बसला, मग उठला. दोन शिपायांनी त्याला धरून जीपकडे नेलं. चालत नेलं, तो आपल्या पायांनी गेला. युवराजचा कॅमेरा जीप वळेपर्यंत चालू होता, तिथं कॅसेट संपली.

तिसऱ्या दिवशी सायलू नाल्यात सापडला, दोन मैल खाली. पोलीस म्हणाले, या माणसाला आम्ही पकडलंच नव्हतं. त्या दिवशी तो वस्तीत नव्हताच. दारू पिऊन कुठंतरी पडला असेल. कुंपणानंच शेत खायचं आणि वर शेतच नव्हतं म्हणायचं! वस्तीतल्या चाळीस माणसांनी डोळ्यांनी बघितलं होतं, पण चाळीस माणसांच्या झोपड्या पडलेल्या, ती तीन दिवसांत चाळीस दिशांना गेली. राहिली ती सात नंबरची कॅसेट. त्यात सायलू होता, जिवंत होता, शुद्धीत होता, आणि पोलिसांच्या जीपमध्ये बसत होता. बालमणीला दुसरं काही नको होतं. माझा बाप दारू पिऊन पडला नाही, एवढं कुणीतरी लिहून द्यावं.

सीतापती नावाचे वकील होते, असल्या केसेस लढणारे, फाटक्या छत्रीचे. त्यांनी चौकशीची मागणी लावून धरली आणि युवराजला निरोप पाठवला, कॅसेट घेऊन या.

आणि इथं युवराजनं ते केलं जे फक्त लग्नाचा व्हिडिओवालाच करील. त्याला वाटलं, कच्चा माल कोर्टात कसा द्यायचा? साहेब लोक बघणार. हलणारी चित्रं, कुणाची पाठ, मधेच छत. सायलूची इज्जत आहे का नाही? तो मिक्सिंगवाल्याकडे दोन दिवस बसला. सुरुवातीला मोठ्या लाल अक्षरांत तेलुगुत सायलूचं नाव घातलं. बायकांच्या रडण्याच्या जागी करुण सनई घातली, सगळा आवाजच काढून टाकला. शेवटी सायलूचा फोटो हारात फिरवला. आणि काठी तीनदा पाडली. एकदा साधी, एकदा सावकाश, तिसऱ्यांदा पान फाटतं तशा आकारातून. नाहीतर डोक्यात शिरणार कशी? मिक्सिंगमध्ये चित्र थोडं मऊ होतं, त्यात जीपचा नंबर पुसट झाला, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्यानं इतक्या मनापासून कुठलंच लग्न मिक्स केलं नसेल. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला नाही होता येत.

पक्की कॅसेट त्यानं सीतापतींना दिली. पोलीस छापा घालतील या भीतीनं त्यांनी ती न बघताच लाखेनं बंद केली आणि त्याच संध्याकाळी चौकशी अधिकाऱ्याकडे जमा केली. कच्ची, सात नंबरची, युवराजच्या खणात जाऊन पडली.

मग पोलीस आलेच. दोनदा आले. दिव्यांचे स्टँड मोडून गेले. लग्नाच्या हॉलवाल्यांना तोंडी हुकूम गेला, लामतुरेला बोलावू नका. एप्रिल-मे म्हणजे त्याच्या धंद्याचा हंगाम, आणि पठ्ठ्या खोलीत बसून होता. लोक सांगत, "जाऊन माफी माग." तो म्हणे, "कायकू? मी काय केलं? बटण दाबलं."

अण्णांनी तेव्हा त्याला माझं लग्न दिलं. हिमायतनगरच्या वकील घराण्यात मला दिलं होतं, त्यांच्याकडून दुसरा कुणी बडा व्हिडिओवाला यायचा होता. अण्णांनी स्पष्ट सांगितलं, माझा विद्यार्थी आहे, तोच येईल. फक्त युवराजला बजावलं, "हे बघ, ते तुझं मिक्सिंग नको. सिनेमाची गाणी नकोत, गुलाबाची फुलं नकोत. माझ्या मुलीचं लग्न आहे. जसं होईल तसं दे."

"हौ सर," युवराज म्हणाला. अण्णांपुढं तो अजून नववीतच होता.

मेमध्ये माझं लग्न झालं. कॅसेटवर दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. अण्णांना हवी होती तशी, जशीच्या तशी, कच्चीच कॅसेट संध्याकाळी हॉलवरच अण्णांच्या हातात देऊन युवराज गेला. ती माझ्याबरोबर सासरी आली. पाठीवर लाल शाईचा आकडा होता, त्यावर माझ्या नणंदेनं चिठ्ठी डकवली, 'शुभविवाह'.

ऑगस्टमध्ये चौकशी सुरू झाली. अण्णा पहिल्या दिवशी जाऊन बसले होते, त्यांनी मला सांगितलं ते असं. खोलीत टीव्ही आणला, कॅसेट लावली, आणि सनई सुरू झाल्याबरोबर पोलिसांकडचा वकील हसला. मग त्यानं युवराजला उभं केलं.

"काठी किती वेळा पडली?"

"एक बार, साहेब."

"इथं तर तीनदा दिसते."

"ते दाखवायला, साहेब. पडली एकदाच."

"म्हणजे दोनदा जे दिसलं ते घडलंच नाही."

"घडलं ना. पण एकदाच."

"आणि झोपड्या पाडत होते तेव्हा सनई कोण वाजवत होतं?"

खोलीतले सगळे हसले. अण्णा म्हणाले, युवराजही थोडा हसला, सवयीनं, लग्नात लोक हसले की हसतो तसा. वकील अधिकाऱ्याकडे वळून म्हणाला, साहेब, हा सिनेमा आहे, पुरावा नाही. सीतापती डोक्याला हात लावून बसले होते. अधिकारी बरा माणूस असावा. त्यानं विचारलं, "याची मूळ कॅसेट आहे ना? कॅमेऱ्यातली? ती आणा. आठ दिवस देतो."

"आहे साहेब, खणात आहे," युवराज म्हणाला आणि जवळजवळ पळतच घरी गेला. खणात एक, तीन, चार आणि नऊ होत्या. सात नव्हती. खण उपडा केला तेव्हा त्याला आठवलं, सात नंबर सरांना दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हिमायतनगरला आमच्या दारात उभा. माझं लग्न होऊन तीन महिने झालेले. सासरे गोविंदराव झोपाळ्यावर, सासूबाई कमलताई बाजूला सुपारी कातरत. युवराजनं उंबऱ्याबाहेरच चपला काढल्या, तरी सासूबाई त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. त्यानं सगळं सांगितलं. हिशेब मांडून सांगितलं, ताईंच्या लग्नाखाली हळद गेली, झोपड्या गेल्या, काठी गेली. पण जीप अगदी शेवटी होती. ताईंचं लग्न तिथवर पोचलं नसेल तर ती असेल. मिनिटभर असली तरी पुरे.

सासरे चाळीस वर्षं वकिली करत होते. ते म्हणाले, "कॅसेट हजर केली की ती कुठून आली हे विचारतील. उद्या आमच्या सुनेला साक्षीला बोलावतील. पोलिसांविरुद्ध." सासूबाई म्हणाल्या, "लग्नाची कॅसेट कोर्टात? आणि मेलेल्या माणसाच्या नावानं? अपशकुन तो केवढा! शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." ज्या घराची चूल कोर्टाच्या पायरीवर पेटत होती त्या घरात हे बोललं गेलं, आणि कुणाला हसू आलं नाही.

युवराज माझ्याकडे वळला. "ताई, नक्को देऊ. देऊ नका कॅसेट. फक्त सांगा. तुम्ही शेवटपर्यंत बघितली असेल ना? तुमची गाडी जाते, त्याच्यानंतर काय आहे? मुंग्या आहेत की माणसं आहेत?"

टीव्हीवर काही नसलं की त्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या दिसत, त्याबद्दल तो विचारत होता. मी कॅसेट शेवटपर्यंत कधी बघितलीच नव्हती. पाठवणी आली की सासूबाई म्हणत, बंद करा आता, रडारड नको. मला नुसतं म्हणायचं होतं, थांब, लावून बघते. टीव्ही चार पावलांवर होता. पण सासरे माझ्याकडे बघत होते, सासूबाईंचा अडकित्ता थांबला होता, आणि मला त्या क्षणी फक्त एवढंच हवं होतं की हा माणूस इथून जावा. मला त्याची लाज वाटत होती, हेही लिहिते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मुंग्या," मी म्हणाले. "नुसत्या मुंग्या आहेत."

"हौ?" तो म्हणाला. मग चपला घालून गेला.

आठव्या दिवशी त्यानं अधिकाऱ्याला सांगितलं, मूळ कॅसेटवर एक लग्न झालं. कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही. दोनदा विचारलं तरी सांगितलं नाही. निकालात लिहिलं गेलं की चित्रफीत रचलेली दिसते, मृत व्यक्ती दारूच्या अमलाखाली नाल्यात पडली असावी. वर युवराजवर खोटा पुरावा बनवल्याची केस झाली. त्याचा कॅमेरा मुद्देमाल म्हणून जमा झाला तो झालाच. आठ वर्षं तारखा पडल्या, मग पुरेसा पुरावा नाही म्हणून सुटला. पुरावा नाही म्हणून! कॅमेरा मागायला गेला तर म्हणे उंदरांनी वायरी खाल्ल्या.

अण्णांनी मला एकदा विचारलं होतं, "सुलभा, तू नीट बघितलीस ना ग शेवटपर्यंत?" मी हो म्हणाले. पहिलं खोटं सासऱ्यांपुढं बोलले, दुसरं बापापुढं, आणि दुसरं जास्त सोपं गेलं. अण्णा शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिले. मी त्याला लग्न दिलं नसतं तर कॅसेट राहिली असती, असं म्हणत गेले.

युवराज मग केबलवाल्याकडे खांबांवर चढू लागला. लग्नांना कुणी बोलवत नव्हतं, आणि पुढं तर ते घडवंचीएवढे कॅमेरेच गेले. नाल्यावरचं कॉम्प्लेक्स उभं राहिलं, काचेचं, सरकत्या जिन्याचं. आमची सगळी बायकामंडळी साड्यांना तिथंच जात. मी पण गेले. दोन हजार तीनमध्ये तिथं भिंतीभिंतीवर कॅमेरे बसले आणि ते बघायला माणूस हवा होता. युवराजला नोकरी लागली. सायलूची झोपडी जिथं होती त्याच्या आसपास तळघरात एक खोली आहे, तिथं तो सोळा पडद्यांपुढं बसतो.

दोन हजार पाचमध्ये आमच्या मुलीला आई-बाबांचं लग्न बघायचं होतं. घरातला व्हीसीआर कधीच बिघडला होता, म्हणून मी कॅसेट सीडी करायला चौकातल्या दुकानात दिली. घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, तीन सीडी झाल्या. तिसरीच्या शेवटी पोलिसांचं काहीतरी आहे दोन मिनिटं. काढून टाकू का?"

मी नको म्हणाले. घरी आले, घरात कुणी नव्हतं. तिसरी सीडी लावली. माझी गाडी हॉलच्या फाटकातून बाहेर पडते, अण्णा हात हलवतात, पडद्यावर एक तिरकी रेघ येते, आणि मग धूळ. बायकांचं रडणं, बुलडोझरचा आवाज, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ कुणाचा तरी श्वास, तो युवराजचा. सायलू चालत जीपकडे जातो. बनियनवर हळदीचे पंजे. जीपचा नंबर आपल्या दारावरच्या पाटीसारखा स्वच्छ. जीपमध्ये चढताना तो मागं वळतो आणि मोठ्यानं म्हणतो, "पेंडली आपकुंड्रि. नेनु वस्ता." लग्न थांबवू नका, मी येतो. दारू प्यायलेला माणूस असा बोलत नाही. सनईखाली हेच वाक्य पुसलं गेलं होतं आणि माझ्या कपाटात ते दहा वर्षं पडून होतं. तिथं मुंग्या नव्हत्या. माणसं होती.

मी त्याच दुपारी कॅसेट आणि सीडी घेऊन कॉम्प्लेक्सच्या तळघरात गेले. युवराज म्हातारा दिसत होता. त्यानं तिथल्याच कॉम्प्युटरवर ती दोन मिनिटं बघितली. एकदाच बघितली.

मी म्हणाले, "युवराज, मी तेव्हा खोटं बोलले. मी बघितलीच नव्हती."

"ठाऊक होतं, ताई."

"काय ठाऊक होतं?"

"किती लग्नं काढली मी. माणूस खोटं बोलतंय ते कॅमेऱ्यातून पहिलं कळतंय. तुम्ही खाली बघत होत्या."

"मग बोलला का नाहीस? हट्ट का धरला नाहीस?"

"सरांची मुलगी," तो म्हणाला. "सासरी येऊन तीन महिने झालेले. तुमचं घर कशाला मोडायचं?"

त्यापेक्षा त्यानं मला चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं. मी रडायला लागले तर तो उठून पाणी घेऊन आला. मी म्हणाले, आता देऊ ना कोर्टात, नंबर दिसतो, आवाज आहे. तो पडद्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "तो इन्स्पेक्टर रिटायर झाला, ताई. दर रविवारी नातीला घेऊन येतंय इथं. चार नंबरच्या कॅमेऱ्यात दिसतंय, आइस्क्रीमपाशी. सीतापती वकील वारले. आणि इथलं तर पंधरा दिवसांनी आपोआप पुसून जातंय सगळं, मी काही न करता." मग म्हणाला, "पण बालमणीला दाखवू. तिच्याकडं बापाचा फोटो नाही. एक होता तो मीच घेतला होता, हारात फिरवायला. परत मिळाला नाही."

त्या रविवारी आम्ही उप्पलच्या पुढं तिच्या घरी गेलो. वस्तीवाल्यांना तिकडं जागा दिल्या होत्या. बालमणी तिशीची झाली होती. तिचं ते लग्न मोडलं होतं, वर्षानं दुसऱ्याशी देवळात झालं, व्हिडिओबिडिओ काही नाही. शेजाऱ्यांकडून सीडीचं यंत्र आणलं. युवराज खाली बसला नाही, दाराशी उभा राहिला. मी सीडी थेट शेवटावर नेऊन लावली.

तिनं बाप बघितला. बापाचा आवाज ऐकला. पदर तोंडात कोंबून ती ऐकत राहिली, मग म्हणाली, फिरसे लगाओ. मी पुन्हा लावलं. पुन्हा. तीनदा झालं. मी युवराजकडे बघितलं नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि माझा हात धरला. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

"इसके पहले का बताओ ना, मेडम," ती म्हणाली. "मेरी हल्दी का. नायना नाचे थे उसमें. मेरेकू याद है, अन्ना निकाल रे थे."

नायना म्हणजे वडील, आणि अन्ना म्हणजे युवराज. युवराज दारातून बाहेर गेला. तिनं माझ्या हातातून रिमोट घेतला आणि स्वतःच बटण दाबून मागं नेलं. पडद्यावर माझ्या लग्नाची पंगत बसली होती. माझे अण्णा हातात जिलब्यांचं ताट घेऊन एकेका पानाशी वाकून आग्रह करत होते, आणि बालमणी पुढं सरकून, टीव्हीला नाक लागेल इतकं जवळ जाऊन, त्यांच्या मागं कुठं तिचा बाप दिसतो का ते बघत होती.